कमानीवरच्या दोन वेलांट्या

"नुसती एक नजर टाका हो," असं म्हणत वरच्या मजल्यावरच्या अध्यक्षांनी दीर्घकाकांच्या हातात एक कागद दिला आणि घोटाळा तिथेच झाला. ज्याने सरकारी छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली, त्याला 'नुसती नजर टाका' असं म्हणायचं नसतं. तो चष्मा काढतो, पुसतो, पुन्हा लावतो, खुर्ची उजेडाकडे ओढतो, आणि मग पुढचे तीन महिने तुमची सुटका नाही.

काकांना छापखान्यात 'ऱ्हस्वदीर्घ' म्हणत. इमारतीत राहायला आल्यावर त्यातला ऱ्हस्व गळाला आणि नुसते दीर्घकाका उरले. उंची पाच फूट एक इंच. नाव दीर्घ आणि माणूस ऱ्हस्व, हा विनोद इमारतीतल्या प्रत्येकाने एकेकदा केलेला आहे, आणि तो फक्त आपल्यालाच सुचला असं प्रत्येकाला वाटतं. काका दर वेळी हसतात. बिचारे सभ्य आहेत.

कागदावर एकच ओळ होती : 'पुलावरच्या लढाईतील वीरांच्या स्मृतीप्रित्यर्थ ही कमान उभारली.' शहराच्या कडेला जो जुना पूल आहे, तिथे स्वातंत्र्याच्या लढ्यात सात जणांनी एका सकाळी परकी फौज दीड तास अडवून धरली होती. सातही जण तिथेच पडले. त्यांच्यासाठी पुलाच्या तोंडाशी दगडी कमान उभी राहत होती, आणि अध्यक्ष हे त्या स्मारक समितीचे अध्यक्ष होते. त्याआधी ते इमारतीचे अध्यक्ष होते, त्याआधी टेबलटेनिस मंडळाचे. घरात मात्र ते साधे सभासद होते.

"दोन चुका आहेत," काका म्हणाले.

"सात शब्दांत दोन?"

"एकाच शब्दात दोन. स्मृतिप्रीत्यर्थ. 'ति'ला पहिली वेलांटी, 'प्री'ला दुसरी. तुम्ही बरोबर उलटं केलंय."

अध्यक्षांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "पण अर्थ कळतो ना?"

या वाक्यावरून काका नोकरीत असताना एका साहेबांशी चार वर्षं बोलले नव्हते. इथे शेजाराचा प्रश्न होता, म्हणून ते फक्त लाल झाले.

काकांच्या मनात काय होतं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. पुस्तकात लेखकाचं नाव असतं, प्रकाशकाचं असतं, बांधणी करणाऱ्याचंसुद्धा असतं. मुद्रितं तपासणाऱ्याचं कुठेच नसतं. तो आठवतो फक्त चूक राहिली तर. काकांनी छत्तीस वर्षांत तपासलेलं सगळं एव्हाना रद्दीत गेलेलं होतं. दगड रद्दीत जात नाही. आपल्या हातून एक ओळ तरी अशी जावी की तिच्यात शंभर वर्षं कोणाला काही सापडू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी ती बायकोला बोलून दाखवली.

"आधी आपल्या दारावरच्या पाटीचा निघालेला स्क्रू बसवा," काकू म्हणाल्या. "महिना झाला, आडनाव लोंबतंय."

दुसऱ्या दिवशी काका स्मारक विभागात गेले. दुसरा मजला, खिडकी चार. खिडकीतला कारकून अतिशय नम्र होता, आणि सगळी अडचण तीच होती. उद्धट कारकुनाशी निदान भांडता तरी येतं.

"मजकूर तर मंजूर झालाय, काका."

"पण चुकीचा मंजूर झालाय."

"चुकीचा असेल. पण मंजूर आहे. आता बरोबर करायचा, तर तो नामंजूर मजकूर होणार."

"मग काय चुकीचा कोरायचा?"

"छे छे, असं कसं! बदलासाठी अर्ज करा. काय बदलायचं आहे?"

"दोन वेलांट्या. पहिलीच्या जागी दुसरी आणि दुसरीच्या जागी पहिली."

रांगेत मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी हे ऐकलं आणि काकांकडे आदराने पाहिलं. "या वयात?" ते हळूच म्हणाले. काकांनी दुर्लक्ष केलं. कारकुनाने मात्र अर्जाच्या माथ्यावर स्वच्छ अक्षरात विषय लिहून घेतला : 'वेलांटी (दोन) यांच्या अदलाबदलीबाबत.'

तीन आठवड्यांनी पत्र आलं. ते आलं आस्थापना विभागाकडून, म्हणजे जिथे कर्मचाऱ्यांच्या बदल्या होतात तिथून. 'आपला बदलीचा अर्ज मिळाला. सदर दोन्ही महिला कर्मचाऱ्यांचे सेवा क्रमांक कळवावेत. परस्पर बदली असल्यास दोघींची संमतीपत्रे जोडावीत.'

काकूंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि पदर तोंडाला लावला. "जा घेऊन दोघींना. जाताना नीट बसवा रिक्षात."

काका गेले. खिडकी चारवरून खिडकी अकरावर, तिथून तिसऱ्या मजल्यावर, तिथून साहेब रजेवर असल्याने परत घरी, असं करत करत सहा फेऱ्या झाल्या. सातव्या फेरीला साहेब भेटले. साहेबांनी दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि विचारलं, "फरक काय आहे?" काकांनी समजावलं. स्मृति, प्रीति आणि अर्थ. समास, संधी, सगळं. चाळीस मिनिटं समजावलं. साहेबांनी शेवटी सही केली, पण ती पटल्यामुळे नव्हे, तर जेवणाची सुट्टी झाल्यामुळे. काकांना तेवढं पुरे होतं. सही ही सही असते.

इथे खरं तर प्रकरण संपायचं. शहाण्या माणसाने मंजूर कागद अध्यक्षांना देऊन घरी झोपावं. पण अध्यक्षांनी अक्षरांचा नमुना कॉम्प्युटरवर काढून आणला, आणि त्यात 'त्य'मधला त पाय मोडून वेगळा काढलेला होता. काकांना ते पाहवेना. "राहू द्या, अक्षरं मीच काढून देतो," ते म्हणाले. काकांचं अक्षर सुंदर होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. काकांना जरा जास्तच माहीत होतं.

पाथरवटाला प्रत्यक्षातल्या मापाचा कागद लागतो. वीतभर उंचीची अक्षरं. त्यासाठी नऊ फूट लांब कागद आला, तो जेवणाच्या टेबलावर पसरला, टेबल पुरेना म्हणून त्याला शिवणयंत्र जोडलं, आणि आठ दिवस काका-काकू स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून जेवले. काका ब्रश घेऊन वाकलेले. इमारतीतली माणसं येऊन बघून जात. कोणी म्हणालं, अक्षरं थोडी तिरकी हवीत, लढाईचा आवेश यायला पाहिजे. कोणी म्हणालं, शेवटी उद्गारचिन्ह द्या, फुकटच तर आहे. काकांनी सगळ्यांना "बघतो" असं सांगितलं आणि काहीही बघितलं नाही.

नवव्या दिवशी कागद न्यायला टेम्पो खाली येऊन उभा राहिला. काका अंघोळीला गेले होते. तेवढ्यात तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई वर आल्या. त्यांनी चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेली. त्यांनी कागद पाहिला, तोंडाने 'च्' केलं, आणि पेन्सिलीने 'ति'ची वेलांटी खोडून वर दीर्घ काढली.

काका टॉवेल खांद्यावर घेऊन बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले.

"बाई, हे काय केलंत!"

"शेवटचा इकार दीर्घ असतो. हे मी चौथीच्या मुलांना शिकवायची."

"शेवटचा इकार हो, पण तो शेवटी असला तर! इथे त्याच्यापुढे अर्धा शब्द बाकी आहे!"

"नियम तो नियम," बाई म्हणाल्या आणि शांतपणे खाली गेल्या.

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. काकांनी खोडरबराने पेन्सिल पुसली, पण खूण अंधूक राहिलीच. पाथरवटाचा गोंधळ झाला तर? छापखान्यात याला एक पक्का उपाय असतो. खोडलेला मजकूर मुळात बरोबरच असेल, तर त्याच्याखाली ठिपके द्यायचे आणि बाजूला लिहायचं, 'आहे तसेच ठेवावे.' काकांनी ही खूण आयुष्यात हजारो वेळा केली होती. हात आपोआप चालला. शब्दाखाली नऊ ठिपके. समासात जागा नव्हती, म्हणून ओळीच्या खाली, बरोबर मधोमध, तोच ब्रश, तीच शाई, जरा लहान पण तशाच देखण्या वळणात : 'आहे तसेच ठेवावे.'

घाईघाईने गिचमिड लिहिलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण काकांना गिचमिड लिहिता येत नव्हतं.

कोरण्याच्या दिवशी जातीने हजर राहायचं काकांनी ठरवलं होतं. पण आठ दिवस टेबलावर वाकल्याने त्यांची कंबर अशी धरली की ते पंधरा दिवस पलंगावर. त्यांनी अध्यक्षांकरवी निरोप पाठवला, "कागदावर जे आहे ते काना-मात्रेचा फरक न करता उतरवायला सांगा." अध्यक्षांनी तो शब्दशः पोचवला. अध्यक्षांनी आयुष्यात एवढं एकच काम चोख केलं असेल.

उद्घाटनाच्या सकाळी काका पट्टा बांधून तिसऱ्या रांगेत बसले. शेजारी काकू. पाहुण्यांनी दोरी ओढली, कापड सरकलं, आणि कमान उन्हात उभी राहिली. राखी दगड, वरती कोरलेली ओळ. काकांनी वाचली. स्मृतिप्रीत्यर्थ. 'ति'ला पहिली, 'प्री'ला दुसरी. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी काकूंचा हात धरला, जो त्यांनी चारचौघांत लग्नानंतर धरलेला नव्हता.

आणि मग मुद्रितं तपासणाऱ्याची नजर सवयीने पुढच्या ओळीवर गेली.

"अगं," काका म्हणाले. त्यांनी बोट वर दाखवलं.

काकूंनी वाचलं. "आहे तसेच ठेवावे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "छान आहे की. हे कधी सुचलं तुम्हाला?"

टाळ्या पडत होत्या. पाहुणे भाषणाला उभे राहिले. वरची ओळ ठीकच आहे, म्हणाले, पण खालची ओळ म्हणजे हुतात्म्यांचा आपल्याला आदेश आहे. त्यांनी मिळवलेलं स्वातंत्र्य आहे तसेच ठेवावे! केवढा अर्थ, आणि अवघे तीन शब्द! अध्यक्ष उठून म्हणाले की ही समितीचीच कल्पना. मग त्यांनी ठिपक्यांकडे बोट दाखवून सांगितलं की हे नऊ ठिपके म्हणजे हुतात्मे. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, हुतात्मे तर सात. अध्यक्ष क्षणभरच अडखळले. "आणि दोन अज्ञात," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत अज्ञात हुतात्म्यांची चार घराणी अध्यक्षांच्या दारात येऊन बसली होती.

काका कंबर सावरत मंडपामागे पाथरवटाला शोधत गेले. तो हात धूत होता.

"अहो, ते खालचं काय कोरलंत तुम्ही?"

"कागदावर होतं ते."

"तो मजकूर नव्हता! ती तुम्हाला सूचना होती!"

पाथरवटाने हात पुसले. "मग मी पाळली ना? आहे तसंच ठेवलं. मी वाचत बसत नाही साहेब, मी कोरतो. वाचणारे चुकतात." जाता जाता तो कौतुकाने म्हणाला, "अक्षर मात्र छान हो तुमचं."

मुख्याध्यापिका बाई गाठ घ्यायला आल्याच. "अभिनंदन," त्या म्हणाल्या. "वरच्या ओळीत चूक राहिली आहे. खालची ओळ मात्र निर्दोष." काकांना दरदरून घाम फुटला.

त्यांनी चार जणांना खरं काय ते सांगून पाहिलं. चौघांनी पाठीवर थाप मारली आणि काका किती विनयशील आहेत ते इतरांना सांगितलं. छत्तीस वर्षं लोकांच्या चुका पुसल्या, आणि शेवटी स्वतःची चूक दगडात, रस्त्यावर, बारा फुटांवर! दुसऱ्याच दिवशी ते खिडकी चारवर गेले. खालची ओळ छिन्नीने काढून टाकावी, असा रीतसर अर्ज दिला. विषय त्यांनी या वेळी स्वतःच लिहिला.

"जागेची पाहणी होईल," कारकून नम्रपणे म्हणाला. "मग निर्णय कळवू."

पाहणीला किती दिवस लागतील याचा नेम नव्हता. काका रोज संध्याकाळी पुलापाशी जाऊन बसू लागले. आपल्या चुकीकडे बघत बसायचं, दुसरं काय! तिथल्या बाकावर एक आजी येत. नव्वदीच्या पुढच्या, हातात काठी, घर पुलाच्या अलीकडचंच. त्या कमानीकडे तोंड करून बसत. आठ-दहा दिवस दोघं नुसते बसले. मग एकदा आजींनी विचारलं, "हे कुणी लिहिलंय, ठाऊक आहे का हो तुम्हाला?"

"वरचं?" काकांनी आशेने विचारलं.

"वरचं नाही वाचता येत मला. तो केवढा लांबलचक शब्द आहे! खालचं."

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"त्या सकाळी मी बारा वर्षांची होते," आजी म्हणाल्या. "मागे या, असा निरोप देऊन मलाच पाठवलं होतं पुलावर. माझा थोरला भाऊ होता त्या सातांत. तो म्हणाला, तू पळ घरी. मी पळाले." त्यांनी काठी कठड्याकडे रोखली. "हा कठडा बघा. इथे टेकून उभा होता. दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी टेप घेऊन येतो आणि म्हणतो, आजी, पूल पाडायचाय, कठडा काढायचाय, रुंद करायचंय. मी भांडते. आता किती भांडणार? पण बरं झालं, पाटीच लागली. आता मी नसले तरी चालेल."

 काकांना रडू येत होतं आणि लाजही वाटत होती.

"मी लिहिलं ते," ते म्हणाले.

"तुम्ही?" आजींनी मान वळवून त्यांना नीट पाहून घेतलं. "चांगलं केलंत."

छत्तीस वर्षांत 'हे कुणी लिहिलं' असं काकांना कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी उत्तर 'मी' असं नसतंच. त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी कार्यालय उघडायच्या आधीच ते खिडकी चारसमोर उभे होते.

"माझा अर्ज परत द्या. मला काही काढायचं नाही."

"पाहणी कालच झाली, काका. साहेबांचा शेरासुद्धा पडला."

"काय शेरा?"

"ते पत्रानेच कळतं. तोंडी सांगायची पद्धत नाही."

"मग अर्ज मागे घ्यायचा अर्ज लिहून देतो!"

"द्या की. पण तो या पत्राच्या मागून जाणार." कारकुनाला खरोखरच वाईट वाटत होतं.

पुढचे सहा दिवस काका पुलाकडे फिरकले नाहीत. आजींना कोणत्या तोंडाने भेटायचं? छिन्नी घेतलेला माणूस येणार, शिडी लावणार, आणि खाली बाकावर त्या बसलेल्या असणार. अर्ज कोणाचा, असं त्या विचारणार. काकांना हे चित्र जेवताना, दाढी करताना, सारखं दिसत होतं. त्या भरात त्यांनी दारावरच्या पाटीचा स्क्रूसुद्धा बसवला. काकूंना तेव्हाच कळलं की प्रकरण गंभीर आहे.

सातव्या दिवशी पाकीट आलं. काकांना उघडवेना. काकूंनी कात्रीने कापलं आणि वाचायला सुरुवात केली.

"'विषय : कमानीवरील मजकूर काढून टाकण्याबाबत. आपल्या अर्जाच्या अनुषंगाने जागेची प्रत्यक्ष पाहणी करण्यात आली. पाहणीत असे आढळून आले की, सदर मजकूर आहे तसेच ठेवावे अशी स्पष्ट सूचना जागेवर आधीच कोरलेली आहे.'" काकू थांबल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि पुढे वाचलं. "'सबब, सदर सूचनेचे पालन करून आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. यापुढे कमान, पूल व कठडा यांमध्ये बदल सुचवणारे सर्व अर्ज याच सूचनेनुसार निकाली निघतील, याची नोंद घ्यावी.'"

काका खुर्चीत बसले. मग हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. काकू पाणी आणायला आत गेल्या.

चष्मा परत चढवून त्यांनी पत्र स्वतः वाचायला घेतलं. काकूंनी वगळलेल्या संदर्भाच्या ओळीत टंकलिखित अक्षरांत लिहिलेलं होतं : 'वीरांच्या स्मृतीप्रित्यर्थ उभारलेली कमान.' 'ती'ला दुसरी, 'प्रि'ला पहिली. काकांचा हात खिशाकडे गेला. लाल पेन निघालं. टोपण निघालं.

"आता परत जाणार का तिकडे?" काकूंनी पाण्याचा पेला पुढे धरत विचारलं.

काकांनी थोडा विचार केला. मग त्या शब्दाच्या खाली, एकेक करून, अगदी सारख्या अंतरावर नऊ ठिपके दिले.

"पुलापर्यंत जाऊन येतो," ते म्हणाले. "आजींना पत्र वाचून दाखवायचं आहे."